पंचिंगमध्ये ३०४ ची शिअर स्ट्रेंग्थ किती धरायची?

गेल्या आठवड्यात आमच्या लॅबमधल्या एका ज्युनिअरने जाता जाता विचारलं, "ताई, ३०४ ची शिअर स्ट्रेंग्थ किती घेऊ?" तिला पंच-डाय सेटसाठी लोड सेल मागवायचा होता, फॉर्म भरायचा होता आणि एक आकडा हवा होता. मी "पाचशे घे" म्हटलं आणि ती गेली. नंतर मलाच चैन पडेना, कारण हाच आकडा घेऊन मी माझ्या पीएच.डी.चे आठ महिने वाया घालवले आहेत. तिला नंतर बसवून जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते. मी मूळची फिजिक्सची, त्यामुळे वर्कशॉपवाल्यांना काही गोष्टी बाळबोध वाटतील. वाटू देत.

आधी नेहमीचं सूत्र. पंचाला लागणारं बल म्हणजे भोकाची परिमिती गुणिले पत्र्याची जाडी गुणिले शिअर स्ट्रेंग्थ. २० मिलिमीटर व्यासाचं भोक आणि २ मिलिमीटरचा पत्रा धरा. परिमिती ६२.८ मिलिमीटर, म्हणजे कापायचं क्षेत्रफळ सुमारे १२५.७ चौरस मिलिमीटर. ५०० मेगापास्कलने गुणलं की ६२.८ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ ६.४ टन. प्रेस निवडायला एवढं पुरतं. त्यावर थोडी सूट ठेवायची, स्ट्रिपिंगचं बल धरायचं आणि काम सुरू करायचं.

आता हे ५०० आले कुठून? हँडबुकात सहसा लिहिलेलं असतं की शिअर स्ट्रेंग्थ म्हणजे ताण-चाचणीतल्या कमाल स्ट्रेंग्थच्या ०.७ ते ०.८ पट. ३०४ ची कमाल स्ट्रेंग्थ स्टँडर्डप्रमाणे किमान ५१५ मेगापास्कल असावी लागते आणि बाजारातला अ‍ॅनील केलेला पत्रा बहुतेक वेळा ६०० च्या आगेमागे भरतो. त्याचे ०.८ म्हणजे ४८०-५००. इथवर सगळं सरळ आहे. पण फिजिक्सच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट खटकायला हवी. व्हॉन मिझेसच्या निकषाप्रमाणे शुद्ध शिअरमधला यील्ड स्ट्रेस हा ताणातल्या यील्ड स्ट्रेसच्या ०.५७७ पट असतो. मग पंचिंगमध्ये ०.८ कुठून आलं? मधली तफावत कोणाची?

ती वर्क हार्डनिंगची. आणि स्टेनलेसमध्ये ती फारच मोठी आहे.

वर्क हार्डनिंग तुम्ही हातांनी अनुभवलेलं आहे. लोखंडी तार एकाच जागी मागे-पुढे वाकवली की ती जागा आधी टणक होते आणि मग तुटते. धातूच्या स्फटिकातले डिसलोकेशन विकृतीबरोबर वाढत जातात आणि एकमेकांची वाट अडवतात, म्हणून पुढची प्रत्येक विकृती आधीपेक्षा महाग पडते. हे मांडायला सगळ्यात सोपं समीकरण हॉलोमनचं: खरा स्ट्रेस बरोबर 'के' गुणिले खऱ्या स्ट्रेनचा 'एन' घात. साध्या माइल्ड स्टीलसाठी एन ०.२ च्या आसपास धरतात. अ‍ॅनील केलेल्या ३०४ साठी पाठ्यपुस्तकात एन ०.४५ आणि के १२७५ मेगापास्कल अशी जोडी दिलेली आढळते. यावरून ताण-चाचणीतली कमाल स्ट्रेंग्थ काढता येते, कारण नेकिंग सुरू होताना खरा स्ट्रेन एनएवढा असतो. आकडे घालून पाहा, सुमारे ५६७ मेगापास्कल येईल. म्हणजे जोडी बरी आहे.

आता पंचाखाली काय होतं ते पाहू. अडकित्त्यात सुपारी घातल्यावर पातं आधी थोडं रुततं आणि मग एकदम तडा जाऊन तुकडा सुटतो. पत्र्याचंही तसंच. पंच रुतत जातो, पंच आणि डायच्या कडांमधला अरुंद पट्टा घसरत जातो, आणि शेवटी दोन्ही कडांकडून आलेल्या भेगा मिळतात आणि स्लग खाली पडतो. भोकाच्या भिंतीवर हा सगळा इतिहास वाचता येतो. वर गोलसर वळलेला भाग, खाली चकचकीत घासलेला पट्टा, त्याखाली खडबडीत फाटलेला भाग आणि तळाला बर. ३०४ मध्ये चकचकीत पट्टा रुंद असतो, म्हणजे तो फाटायच्या आधी बराच काळ नुसता घसरत राहतो.

या घसरण्याच्या टप्प्यात दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढतात. पंच जितका खाली जाईल तितकी कापायची उरलेली जाडी कमी होते, म्हणून बल कमी व्हायला हवं. पण उरलेला धातू टणक होत जातो, म्हणून बल वाढायला हवं. बल कमाल कुठे होईल? वही घ्या आणि ही एका ओळीची गणिताची गंमत स्वतः करा. घसरणाऱ्या पट्ट्याची रुंदी स्थिर माना. मग शिअर स्ट्रेन म्हणजे रुतलेली खोली भागिले ती रुंदी. हॉलोमन लावा, उरलेल्या जाडीने गुणा, डेरिव्हेटिव्ह शून्य करा. उत्तर सुंदर येतं: कमाल बल येतं तेव्हा रुतलेली खोली ही जाडीच्या एन भागिले (१ अधिक एन) पट असते. माइल्ड स्टीलला (एन ०.२) जाडीच्या सुमारे १७ टक्के, ३०४ ला (एन ०.४५) सुमारे ३१ टक्के. पट्ट्याची रुंदी या उत्तरात येतच नाही.

पण बलाच्या आकड्यात येते. पट्ट्याची रुंदी जाडीच्या ०.२ पट धरली तर ३०४ साठी सूत्रातली 'शिअर स्ट्रेंग्थ', म्हणजे कमाल बल भागिले मूळ क्षेत्रफळ, ४८३ मेगापास्कल येते. वरच्या ५६७ शी तिचं गुणोत्तर ०.८५. माइल्ड स्टीलसाठी तेच गणित केलं तर गुणोत्तर ०.७० येतं. बघा, हँडबुकातला '०.७ ते ०.८' हा गुणक कुठल्या निसर्गनियमातून आलेला नाही. धातू किती वर्क हार्डन होतो त्याप्रमाणे तो हलतो. माइल्ड स्टीलच्या सवयीने ०.७ धरून स्टेनलेसला हात घातला तर प्रेस कमी पडते, त्याचं कारण हे.

इथे थांबा, कारण मी तुम्हाला थोडं फसवलं आहे. पट्ट्याची रुंदी ०.२ का घेतली? खरं सांगायचं तर उत्तर हँडबुकच्या जवळ यावं म्हणून. ०.१ घेऊन पाहा. ३०४ साठी ४८३ च्या जागी ६६० मेगापास्कल येतात, आणि आपल्या भोकाला ६.२ टनांऐवजी साडेआठ टन लागतात. एवढा फरक एका अशा राशीने पडतो, जी आपण मोजलेलीच नाही. पेपर वाचताना 'मॉडेल प्रयोगाशी उत्तम जुळतं' असं वाक्य आलं की आधी शोधा, कोणती राशी जुळवून घेतली आहे. आणि ती लेखकाने मोजली होती का. ही रुंदी मोजता येते. भोक मधोमध कापून, माउंट करून, पॉलिश करून कडेपासून आत मायक्रोहार्डनेस घेत जायचं. अ‍ॅनील केलेला ३०४ साधारण १६०-१७० विकर्स असतो, पंच केलेल्या कडेला तो ४०० च्या घरात जाऊ शकतो. हार्डनेस मूळ पातळीवर कुठे येतो ते दिसलं की पट्टा किती आत पसरलाय ते कळतं. कंटाळवाणं काम आहे, एका नमुन्याला माझी अख्खी दुपार जाते.

दुसरी फसवणूक जास्त गंभीर. ताण-चाचणी ०.४५ स्ट्रेनला नेकिंगपाशी संपते. पंचाखालच्या पट्ट्यात कमाल बलाच्या वेळी समतुल्य स्ट्रेन ०.९ च्या आसपास असतो, आणि भेग पडेपर्यंत त्याहून बराच जास्त. म्हणजे चाचणीने जिथपर्यंत पाहिलं त्याच्या दुप्पट अंतरावर मी तीच रेषा ओढून बसले. दुसऱ्या एखाद्या धातूत हे कदाचित खपून गेलं असतं. ३०४ मध्ये नाही.

का नाही, ते मला एका प्रेसवाल्या काकांनी दाखवलं. भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी नमुने पंच करून घ्यायला जायचे. काकांनी स्लग उचलला, खिशातलं लोहचुंबक काढलं आणि कडेला लावलं. चिकटलं. मूळ पत्र्याला तेच चुंबक चिकटत नव्हतं. "ताई, माल बदलत नाही ना कापताना?" त्यांनी हसत विचारलं. मी एम.एस्सी.ला फेज डायग्राम पाठ केलेली, आणि माझ्या डोक्यात हा प्रश्न आलाच नव्हता.

माल बदलतोच. ३०४ खोलीच्या तापमानाला ऑस्टेनाइट असतो, पण डळमळीत. विकृती दिली की त्यातला काही भाग मार्टेन्साइटमध्ये बदलतो. तो चुंबकीय असतो आणि ऑस्टेनाइटपेक्षा कितीतरी टणक असतो. म्हणून ३०४ चं वर्क हार्डनिंग हे नुसत्या डिसलोकेशनचं नाही. वाटेत धातूचा एक हिस्साच दुसरा होत जातो. त्याचा स्ट्रेस-स्ट्रेन वक्र कधी कधी मध्येच पुन्हा वर उचलला जातो, आणि अशा वक्राला एकच एन लावणं म्हणजे घाटाच्या रस्त्याला एकच चढ लिहिणं.

हा बदल किती होईल ते रसायनावर आणि तापमानावर अवलंबून असतं. एंजेल यांनी १९५४ साली यासाठी एक तापमान ठरवलं, त्याला एमडी-३० म्हणतात. त्या तापमानाला ०.३० खरा स्ट्रेन दिला की निम्मा माल मार्टेन्साइट होतो. त्यांचं सूत्र असं: ४१३ मधून वजा करा ४६२ गुणिले (कार्बन अधिक नायट्रोजन), ९.२ गुणिले सिलिकॉन, ८.१ गुणिले मँगनीज, १३.७ गुणिले क्रोमियम, ९.५ गुणिले निकेल आणि १८.५ गुणिले मॉलिब्डेनम. प्रमाण टक्क्यांत, उत्तर सेल्सिअसमध्ये. एक साधा ३०४ घ्या: कार्बन ०.०५, नायट्रोजन ०.०५, सिलिकॉन ०.५, मँगनीज १.२, क्रोमियम १८.२, निकेल ८.१. उत्तर सुमारे २६ अंश. म्हणजे बरोबर आपल्या लॅबचं तापमान! ३०४ मध्ये निकेल ८ ते १०.५ टक्के चालतं. बाकी सगळं तेच ठेवून निकेल १० केलं तर एमडी-३० सुमारे १८ अंशांनी खाली येतो. नोहारा आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये सूत्र सुधारलं, त्यात निकेलचा गुणांक २९ आहे, तेव्हा हा फरक आणखी मोठा. पत्र्यावर दोन्हीकडे '३०४' असंच छापलेलं असतं. निकेल महाग, म्हणून बाजारातला बराच माल ८ च्या काठावर असतो, म्हणजे जास्त डळमळीत बाजूला.

आता माझे आठ महिने. पहिली मालिका मी जानेवारीत केली, यूटीएमवर पंच-डाय फिक्स्चर लावून, मिनिटाला ५ मिलिमीटर वेगाने. छान वक्र आले. दुसरी मालिका एप्रिल-मेमध्ये. आमच्या त्या हॉलला एसी नाही. कमाल बल सरळ कमी आलं. मी आधी पंचाच्या धारेला दोष दिला, पंच पुन्हा ग्राइंड करून आणला. मग क्लिअरन्सला, मग लोड सेलच्या कॅलिब्रेशनला. गाइडनी शेवटी दोनच प्रश्न विचारले: "तापमान किती होतं? दोन्ही पत्रे एकाच हीटचे होते का?" तापमान लिहिलेलं नव्हतं. पत्रे दोन वेळा आणलेले, टेस्ट सर्टिफिकेट एकाचंच, तेही कोणत्या पत्र्याचं ते सांगता येईना, कारण नमुने कापून एकाच डब्यात टाकलेले. थंडीतल्या मालिकेत मार्टेन्साइट जास्त झालं म्हणून बल जास्त, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण पत्रेच वेगळे असतील तर? डेटा खोटा नव्हता, पण त्यातून काहीच सिद्ध करता येत नव्हतं. सगळा बाजूला ठेवला.

पुन्हा सुरुवात करताना आणखी एक खड्डा दिसला, आणि हा खूप जणांच्या प्रबंधात असतो. यूटीएमवरचं पंचिंग आणि प्रेसवरचं पंचिंग ही एकच गोष्ट आहे का? पाठीमागच्या पानावर हिशेब करा. वरच्या मॉडेलमध्ये कमाल बलापर्यंत पट्ट्यात दर घनमीटरला सुमारे ७५० मेगाज्यूल काम होतं. त्यातलं ९० टक्के उष्णता होतं असं धरतात. स्टेनलेसची घनता ८०००, विशिष्ट उष्णता ५००, म्हणजे घनमीटरला एक अंश वाढवायला ४ मेगाज्यूल. उष्णता बाहेर गेलीच नाही तर पट्टा जवळपास १७० अंशांनी तापेल. ती बाहेर जायला किती वेळ लागतो? स्टेनलेसची उष्णतावाहकता १६ च्या आसपास, माइल्ड स्टीलच्या जेमतेम तिसरा हिस्सा. पट्टा ०.४ मिलिमीटर रुंद धरला तर ढोबळ वेळ ०.०४ सेकंद. यूटीएमवर ०.६ मिलिमीटर रुतायला सात सेकंद लागतात, उष्णता निवांत निघून जाते. सेकंदाला १०० मिलिमीटर जाणाऱ्या प्रेसवर तेच अंतर ६ मिलिसेकंदांत पार होतं. उष्णता तिथेच अडकते, पट्टा एमडी-३० च्या खूप वर जातो आणि मार्टेन्साइट होणं मंदावतं. दुसरीकडे वेग वाढला की ऑस्टेनाइटचा स्वतःचा विरोधही वाढतो. सुरुवातीला जलद वक्र वर असतो, पुढे हळू चाचणीचा वक्र त्याला ओलांडतो. त्यामुळे प्रेसवर कमाल बल जास्त येईल की कमी, हे नुसतं डोकं चालवून सांगता येत नाही. मोजावंच लागतं.

काकांच्या प्रेसवरचे आणि यूटीएमवरचे स्लग मी आता शेजारी शेजारी ठेवून पाहते, पत्रा एकाच हीटचा. दोऱ्याला बांधलेलं छोटं चुंबक यूटीएमवाल्या कडेकडे जास्त झुकतं. आकडा फेरिटस्कोपने घ्यायचा, पण आधी दोऱ्याने बघायला मला अजूनही मजा येते.

हे सगळं एका भोकासाठी कशाला, असं कोणी विचारेल. भोक पाडून काम संपत असेल तर खरंच गरज नाही, ६.४ टन धरा, वर तीसेक टक्के सूट ठेवा आणि झोपा. पण त्याच भोकाची कड पुढे फुगवून कॉलर काढायची असेल तर ४०० विकर्सची, मार्टेन्साइटने भरलेली कड तडकते. ड्रिल करून रीम केलेलं भोक तेवढंच फुगवलं तर टिकतं. पत्रा तोच, डाय तोच, फरक फक्त कड कशी झाली याचा. किती मार्टेन्साइट असलेली कड किती फुगते, हा माझ्या प्रबंधाचा सध्याचा प्रकरण चार आहे.

ज्युनिअरला शेवटी काय सांगितलं? लोड सेल १०० किलोन्यूटनचा घे, ६६० वाला वाईट हिशेबही त्यात बसतो. पत्रा एकदाच, एकाच हीटचा, लागेल त्याच्या दुप्पट घे. सर्टिफिकेटचा फोटो काढ आणि प्रत्येक नमुन्यावर हीट नंबर कोर, मार्करने लिहू नकोस, अ‍ॅसिटोनने पुसला जातो (हेही अनुभवाचेच बोल). प्रत्येक स्ट्रोकला तापमान, वेग आणि पंचाचा कितवा स्ट्रोक ते लिही, कारण स्टेनलेस पंचाला चिकटतो आणि दोनशेव्या भोकाचं घर्षण पहिल्यासारखं राहत नाही. वहीत 'शिअर स्ट्रेंग्थ' असा कॉलम करू नकोस. 'कमाल बल भागिले क्षेत्रफळ' असं लिही आणि शेजारी क्लिअरन्स.

ती म्हणाली, "मग फॉर्ममध्ये शिअर स्ट्रेंग्थच्या रकान्यात काय लिहू?"

"पाचशे," मी म्हटलं. "आणि पेन्सिलने."